कळलेला पेशंट, न कळलेला पेशंट : टोरोंटोच्या सार्स अहवालाच्या निमित्ताने

माझ्या प्रश्नावलीतलं अकरावं विधान असं होतं : ‘संसर्गजन्य रुग्णाची शुश्रूषा करताना मी योग्य ती संरक्षक साधनं वापरते.’ खाली पाच पर्याय : नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. प्रश्नावली खऱ्या अभ्यासात वापरण्याआधी चार-पाच जणींकडून भरून घेऊन तपासायची असते. तशी मी ती कॅज्युअल्टीत वीस वर्षं काढलेल्या एका सिस्टरांना दिली. पहिली दहा विधानं त्यांनी भराभर संपवली. अकराव्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, कुठला पेशंट? कळलेला की न कळलेला?”

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. “रिपोर्ट हातात असला तर आम्ही सगळं घालतो. पण आमच्याकडे येतो तो दम लागलेला माणूस. त्याला काय झालंय ते दुसऱ्या दिवशी कळतं. तोवर तो वरच्या वॉर्डात गेलेला असतो, आणि आमचं त्याला हात लावून झालेलं असतं.” एवढं बोलून त्यांनी ‘नेहमी’वर टिक केली आणि कागद परत दिला.

त्या टिकेचं काय करायचं हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. विश्लेषणात तिचे पाच गुण होणार. असे गुण जमवून सरासरी निघणार, आणि प्रबंधात वाक्य येणार : आपत्कालीन विभागातल्या परिचारिकांचं नियमपालन ‘चांगलं’ आहे. सिस्टरांनी मला जे सांगितलं ते त्या वाक्यात कुठेच नसेल.

म्हणून आज एका जुन्या अहवालाबद्दल लिहिते आहे. २००३ साली कॅनडातल्या टोरोंटो शहरात सार्सची साथ आली. तिची चौकशी करायला ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांचा आयोग नेमला. त्याचा अंतिम अहवाल ‘स्प्रिंग ऑफ फियर’ जानेवारी २००७मध्ये प्रसिद्ध झाला. सार्सवरच्या शोधनिबंधांमध्ये त्याचा उल्लेख येतो, पण बहुधा एका ओळीपुरता. माझ्या मते आपत्कालीन परिचारिका आणि संसर्ग नियंत्रण या विषयावर काम करणाऱ्याने तो आधी वाचावा आणि प्रश्नावली मग बनवावी. मी उलट केलं. अहवालात मला खटकलेल्या गोष्टीही आहेत, त्याही सांगते.

आपण मोजतो तरी काय?

आधी आमच्या संशोधनाच्या नेहमीच्या पद्धतीबद्दल. ‘ज्ञान, दृष्टिकोन, वर्तन’ या साच्यातले अभ्यास कोविडच्या काळात ढिगाने झाले. गूगल फॉर्म पाठवायचा, नर्सेसनी स्वतःबद्दल उत्तरं द्यायची, टक्केवारी काढायची. शेवटचा परिच्छेद जवळजवळ ठरलेला : ज्ञान चांगलं आहे, वर्तन त्या मानाने कमी आहे, प्रशिक्षणाची गरज आहे.

यात पहिली अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस स्वतःबद्दल बरंच सांगतो. मग उत्तरांवर विसंबण्याऐवजी प्रत्यक्ष निरीक्षण करावं, तर कुणी बघतंय म्हटल्यावर वागणंच बदलतं. टोरोंटोमधल्याच एका रुग्णालयात हे मोजलं गेलं. हात स्वच्छ करण्याच्या द्रवाच्या डिस्पेन्सरवर इलेक्ट्रॉनिक मोजणी बसवलेली होती. निरीक्षक नजरेच्या टप्प्यात असताना डिस्पेन्सरचा वापर निरीक्षक नसतानाच्या जवळजवळ तिप्पट भरला. २०१४ सालचा हा निबंध आमच्या क्षेत्रात बराच गाजलेला आहे.

दुसऱ्या अडचणीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ‘नियम पाळला का’ हे विचारताना नियम बरोबर होता, तो त्या वेळी लागू होता, आणि पाळण्यासाठी लागणारं सामान हाताशी होतं, हे सगळं आपण धरून चालतो. टोरोंटोच्या अहवालात नेमक्या या तीन गृहीतकांची तपासणी आहे.

एकच तारीख, दोन कॅज्युअल्टी

७ मार्च २००३. हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात फेब्रुवारीत उतरलेल्या पाहुण्यांमार्फत सार्स जगभर पसरायला सुरुवात झाली होती, पण त्या आजाराला अजून नावसुद्धा नव्हतं. त्या दिवशी कॅनडाच्या दोन टोकांना दोन रुग्ण दोन रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आले.

टोरोंटोच्या स्कारबरो ग्रेस रुग्णालयात आलेल्या तरुणाची आई त्या हॉटेलात राहून आली होती आणि दोन दिवसांपूर्वीच घरी वारली होती. तो कित्येक तास गर्दीच्या आपत्कालीन विभागात होता. श्वासाला त्रास होतो म्हणून त्याला नेब्युलायझरमधून औषध दिलं गेलं. म्हणजे संसर्ग हवेत पसरायला आणखी मदत झाली. त्याच्यात आणि शेजारच्या पलंगात साधारण दीड मीटर अंतर आणि एक पडदा. शेजारी हृदयाच्या तक्रारीसाठी आलेल्या रुग्णाला लागण झाली, तिथून पुढे साखळीच लागली.

व्हँकुव्हर जनरल रुग्णालयात त्याच दिवशी आलेला माणूस स्वतः मेट्रोपोलमध्ये राहिलेला होता. तिथे त्याला काही मिनिटांत वेगळ्या खोलीत हलवलं गेलं आणि कर्मचाऱ्यांनी श्वसनमार्गाच्या संसर्गासाठीची पूर्ण साधनं घातली. त्याच्यापासून तिथे साथ पसरली नाही.

टोरोंटो परिसरातल्या साथीत सुमारे ३७५ जणांना सार्स झाला किंवा झाल्याचा संशय होता. ४४ जण गेले. त्यांत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर. लागण झालेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के लोकांना ती आरोग्यसेवेच्या जागीच झाली.

अहवाल या दोन शहरांची तुलना पुन्हापुन्हा करतो. व्हँकुव्हरच्या नशिबाचा वाटा मान्य करून तो म्हणतो, की खरा फरक तिथल्या सुरक्षेच्या सवयींचा होता. चीन आणि हाँगकाँगकडच्या विचित्र फ्लूबद्दल तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने आधीच सावध केलं होतं, आणि श्वसनाचा गंभीर आजार दिसला की आधी जास्तीत जास्त काळजी घ्यायची, निदान झाल्यावर ती कमी करायची, अशी पद्धत होती.

माझी पहिली हरकत इथे आहे. ही तुलना दिसते तितकी समसमान नाही. व्हँकुव्हरचा रुग्ण स्वतः प्रवास करून आला होता, म्हणजे ‘बाहेरगावी जाऊन आलात का?’ या साध्या प्रश्नाला त्याचं उत्तर ‘हो’ येणार होतं. टोरोंटोचा तरुण कुठेही गेला नव्हता. त्याच्याबाबतीत ट्राएजच्या टेबलावर बसलेल्या नर्सला त्याच्या आईच्या प्रवासापर्यंत पोचावं लागलं असतं. सिस्टरांच्या भाषेत सांगायचं तर व्हँकुव्हरचा पेशंट अर्धा कळलेला होता, टोरोंटोचा अजिबात न कळलेला. अहवाल नशिबाचा उल्लेख करतो, पण हा नेमका फरक त्याने आणखी ठळकपणे मांडायला हवा होता. नाहीतर वाचणाऱ्याच्या मनात एक शहर हुशार आणि एक गाफील असं चित्र उरतं, आणि ते तिथल्या नर्सेसवर अन्याय करणारं आहे.

हा फरक वजा केला तरी एक गोष्ट शिल्लक राहते आणि ती महत्त्वाची आहे. ‘आधी पूर्ण काळजी, मग निदान’ ही पद्धत असेल तर नर्सला हुशारीने ओळखण्याची गरजच कमी पडते. खोकला आणि ताप दिसला की मास्क, वेगळी जागा. आजाराचं नाव नंतर. ‘आधी निदान, मग काळजी’ असेल तर तिने सगळे नियम तंतोतंत पाळूनही ती उघडीच राहते, कारण नियम सुरू व्हायच्या आधीच तिचं काम होऊन गेलेलं असतं.

मे महिना

अहवालातला माझ्या दृष्टीने सगळ्यात जड भाग मे २००३चा आहे. साथ आटोक्यात आली असं वाटत होतं. १४ मेला जागतिक आरोग्य संघटनेने स्थानिक प्रसार चालू असलेल्या ठिकाणांच्या यादीतून टोरोंटोचं नाव काढलं. १७ मेला प्रांताने आणीबाणी उठवली. रुग्णालयांमधली जादा खबरदारी शिथिल झाली.

नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयातल्या नर्सेसना मात्र न्यूमोनियाचे रुग्ण दिसत होते आणि हा सार्सच असावा अशी शंका त्यांनी बोलून दाखवली होती. त्यांना सांगण्यात आलं, की हा सार्स नाही. कारण काय? सार्सच्या व्याख्येत फक्त लक्षणं पुरेशी नव्हती. सार्सग्रस्त भागाचा प्रवास किंवा माहीत असलेल्या रुग्णाशी संपर्क, असा धागा सापडावा लागत होता. ऑर्थोपेडिक वॉर्डात मोडक्या हाडासाठी पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा असा धागा कुणाला दिसत नव्हता. म्हणून तो सार्सचा रुग्ण नव्हता. म्हणून मास्कची गरज नव्हती. २३ मेला साथीची दुसरी लाट जाहीर झाली. मृत्यू पावलेल्या दोन नर्सेसपैकी एक याच रुग्णालयातली होती.

आता माझी प्रश्नावली त्या वॉर्डातल्या नर्सला मे महिन्याच्या मध्यावर दिली असती तर? ‘संसर्गजन्य रुग्णाची शुश्रूषा करताना मी योग्य ती संरक्षक साधनं वापरते.’ तिने प्रामाणिकपणे ‘नेहमी’वर टिक केली असती. वरून आलेल्या सूचनेप्रमाणे तिच्या वॉर्डात संसर्गजन्य रुग्ण नव्हताच. नियमपालन शंभर टक्के, आणि वॉर्डभर सार्स.

हा अहवाल व्यक्तींवर दोष न ठेवता व्यवस्थेकडे बोट दाखवतो. त्याचं मध्यवर्ती सूत्र सावधगिरीचं आहे : धोका कमी करणारे वाजवी उपाय करायला शास्त्रीय खात्री होईपर्यंत थांबू नये. विज्ञानाच्या विद्यार्थिनीला हे वाक्य सुरुवातीला अडचणीचं वाटतं. आम्हाला पुराव्याशिवाय बोलू नका असंच शिकवलेलं असतं. पण मे महिन्याची हकिगत वाचली की लक्षात येतं, की ‘पुरावा नाही’चा अर्थ तिथे ‘धोका नाही’ असा घेतला गेला. नर्सेसचं म्हणणं पुरावा म्हणून मोजलंच गेलं नाही. रोज त्या रुग्णांना ऑक्सिजन लावणारी, त्यांचा ताप बघणारी बाई जे सांगते, ती माहितीच असते. ती टिपून घेण्यासाठी रकाना नव्हता, एवढंच.

मास्कवर फार भर

माझी दुसरी हरकत. अहवालात आणि त्यावरच्या चर्चेत एन-९५ मास्कला नायकाची जागा मिळाली आहे. त्याला कारण आहे. टोरोंटोच्या अतिदक्षता विभागांतल्या नर्सेसचा एक छोटा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. सार्सच्या रुग्णाच्या खोलीत गेलेल्या ३२ नर्सेसपैकी आठ जणींना लागण झाली. सातत्याने मास्क वापरणाऱ्यांना कमी झाली. श्वासनलिकेत नळी घालताना मदत करणं, त्याआधीचं सक्शन, ऑक्सिजन मास्क हाताळणं ही कामं धोक्याची ठरली. आकडे लहान, पण दिशा स्पष्ट.

मात्र एप्रिल २००३मध्ये टोरोंटोतच एका अवघड इंट्युबेशनच्या वेळी पूर्ण साधनं घातलेल्या कर्मचाऱ्यांनाही लागण झाली. तपासात निघालं, की मास्क चेहऱ्याला नीट बसतो का याची चाचणी बहुतेकांची झालेली नव्हती, एकाला दाढी होती, आणि किट कोणत्या क्रमाने काढायचं हे अनेकांना स्पष्ट नव्हतं. अंगात किट होतं. प्रश्नावलीत या सगळ्यांनी ‘नेहमी’वरच टिक केली असती.

पुढे २००९मध्ये ऑन्टॅरिओतल्या आठ रुग्णालयांत, आपत्कालीन विभाग धरून, ४४६ नर्सेसवर यादृच्छिक चाचणी झाली. साध्या सर्जिकल मास्कच्या गटात इन्फ्लुएन्झाची लागण २३.६ टक्के, एन-९५च्या गटात २२.९ टक्के. निष्कर्ष : सर्जिकल मास्क कमी प्रतीचा ठरला नाही. हा निबंध कोविडमध्ये पुन्हा पुन्हा दाखवला गेला. पण त्याच्या पद्धतीत एक तपशील आहे. मास्क घालायचा होता तो ताप आणि श्वसनाची लक्षणं असलेल्या रुग्णांजवळ. म्हणजे पुन्हा, ओळखलेल्या रुग्णाजवळ. न ओळखलेला रुग्ण, लक्षणं नसलेला नातेवाईक, चहाच्या खोलीतली सहकारी, यांच्यापासूनची लागण दोन्ही गटांत सारखीच मोजली जाणार. मग दोन मास्कमधला खरा फरक असला तरी तो त्या आकड्यांत बुडून जाऊ शकतो. कुठला मास्क चांगला हा वाद अहवालाने एका बाजूने लढवला, चाचणीने दुसऱ्या. तो कधी चढवायचा, या कॅज्युअल्टीच्या रोजच्या प्रश्नाला मात्र दोघांकडूनही पुरेसा वेळ मिळाला नाही.

साठ्याप्रमाणे नियम

अहवाल येऊन तेरा वर्षं झाली आणि कोविड आला. मार्च २०२०च्या अखेरीला जागतिक आरोग्य संघटनेने ट्विटरवर ठामपणे सांगितलं, की कोविड हवेतून पसरत नाही. त्याच महिन्यात ऑन्टॅरिओने रोजच्या शुश्रूषेसाठी हवेतून होणाऱ्या संसर्गाची खबरदारी सोडून तुषार आणि स्पर्श यांपुरती खबरदारी पुरेशी मानली. एप्रिलमध्ये परिचारिकांच्या संघटनेला एन-९५साठी काही वृद्धाश्रमांविरुद्ध न्यायालयात जावं लागलं, आणि निकाल संघटनेच्या बाजूने लागला. ज्या प्रांताने हा अहवाल लिहून घेतला, तिथली ही गोष्ट.

अमेरिकेच्या सीडीसीने तर टंचाईसाठी पायऱ्याच आखून दिल्या. एका नर्सला पाच मास्क, रोज एक, वापरलेला कागदी पिशवीत ठेवून निदान पाच दिवसांनी परत. अगदीच काही नसेल तर शेवटचा उपाय म्हणून रुमाल किंवा स्कार्फसुद्धा. टंचाईत काहीतरी करावं लागतं, हे मान्य. पण मग नियम विषाणूप्रमाणे बदलत नव्हता, गोदामातल्या साठ्याप्रमाणे बदलत होता. फेब्रुवारीत जी गोष्ट नियमभंग होती, ती एप्रिलमध्ये नियमपालन झाली. अशा वर्षी ‘नियमपालन ८५ टक्के’ असा आकडा कुणी दिला तर मी आधी विचारेन : कोणत्या तारखेचा नियम?

प्रशिक्षणाची बाजू

इथवर वाचून कुणाला वाटेल, की प्रशिक्षण निरुपयोगी आणि नर्सचं काही चुकतच नाही, असं मी म्हणते आहे. तसं नाही. २०१५मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत एक सुंदर प्रयोग झाला. कर्मचाऱ्यांच्या ग्लोव्ह्जना अतिनील प्रकाशात चमकणारं लोशन लावलं, मग ग्लोव्ह्ज आणि गाऊन काढायला सांगितलं. ४३५पैकी २०० वेळा, म्हणजे ४६ टक्के वेळा, लोशन कातडीला किंवा कपड्यांना लागलेलं सापडलं. नंतर एका गटाला सराव दिला. काढा, दिव्याखाली बघा, कुठे लागलं ते स्वतः पाहा, पुन्हा करा. प्रमाण ६० टक्क्यांवरून १८.९ टक्क्यांवर आलं.

म्हणजे हात शिकतात. पण ते भिंतीवरच्या पोस्टरने किंवा व्याख्यानाने नाही, आपली चूक डोळ्यांनी दिसल्यावर. आणि त्यासाठी ड्युटीच्या वेळात मोकळा अर्धा तास आणि खर्ची घालायला जादा किट लागतं. आमच्या निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदातल्या ‘प्रशिक्षणाची गरज आहे’ या वाक्यात हा अर्धा तास कुठून येणार ते कधी लिहिलेलं नसतं.

मी काय बदललं

अकरावं विधान मी काढून टाकलं. त्याच्या जागी तीन प्रश्न घातले आहेत. एक : गेल्या ड्युटीत दम किंवा ताप घेऊन आलेला पहिला पेशंट आठवा. त्याच्याजवळ गेलात तेव्हा अंगावर काय होतं? दोन : त्या वेळी तुमच्या हाताशी काय नव्हतं? तीन : गेल्या वर्षभरात एखाद्या पेशंटबद्दल ‘हे वेगळं वाटतंय’ असं तुम्ही कुणाला सांगितलंत का, आणि पुढे काय झालं?

याची किंमत आहे. उत्तरं वाक्यांत येतील, पाच गुणांत बसणार नाहीत. नमुना लहान करावा लागेल. समितीपुढे ‘सांख्यिकी कुठे आहे?’ हे ऐकावं लागेल, आणि तो प्रश्न चुकीचा नाही. आठवणीवर विसंबण्याचा दोषही यात आहेच, एका ड्युटीपुरता का होईना.

नवी प्रत घेऊन मी परत त्याच सिस्टरांकडे गेले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी दोन-दोन ओळींत लिहिली. तिसऱ्यापाशी पेन थांबलं. त्या म्हणाल्या, “मागचं पान वापरलं तर चालेल ना?”